अधिकच्या चिन्हाआड कोण कोण?

गिऱ्हाइकाच्या ऑडिटच्या प्रश्नावलीत एक ओळ होती: आमची ड्रॉइंग तुमच्याकडे कोण कोण उघडू शकतं, नावानिशी यादी द्या. कारखाना अंबड एमआयडीसीतला, सीएनसीवर सुटे भाग बनवणारा. नाशिकमध्ये सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात अशी जॉबवर्क करणारी युनिट गल्लोगल्ली आहेत. मशीन बँकेची, ड्रॉइंग गिऱ्हाइकाची, मालकाचं स्वतःचं म्हणावं तर फक्त नाव. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांचे पार्ट शेजारशेजारच्या मशीनवर लागलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न कधीतरी येणारच होता. तिथला फाईल सर्व्हर मी सांभाळतो. मालकांनी प्रश्नावली व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलली आणि खाली लिहिलं, "सर, हे तुमचं खातं. ऑडिटच्या आधी पाहिजे."

सर्व्हर डेबियन लिनक्सचा, ईएक्सटी४ फाईल सिस्टीम, त्यावर विंडोजवाल्यांना फाईली देणारा साम्बा. विंडोजवर बसलेला माणूस फोल्डर उघडतो तेव्हा साम्बा सर्व्हरवर त्याच माणसाचा यूजर होऊन फाईल मागतो आणि शेवटचा निर्णय लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, देतो. म्हणजे उत्तर कर्नलच्या नियमांतच शोधायचं होतं. एलएस -एल ही फाईलींची यादी दाखवणारी कमांड मारली तर जवळपास प्रत्येक फोल्डरपुढे परवानग्यांची ती ओळखीची नऊ अक्षरं आणि त्यांच्या शेपटाला एक अधिकचं चिन्ह. नऊ अक्षरांत मावलं नाही ते दुसरीकडे लिहून ठेवलंय, असा त्याचा अर्थ. दुसरीकडे म्हणजे एसीएलमध्ये, अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्टमध्ये: कुणाला काय करता येईल याची त्या फाईलपुरती यादी.

युनिक्सच्या मूळ रचनेत फाईलला तीनच खाती: मालक, एक ग्रुप आणि बाकीचे सगळे. कारखान्यात हे पुरत नाही. एका गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये डिझाईनवाल्यांनी लिहायचं, क्यूसीच्या मॅडमनी फक्त वाचायचं, ठरावीक मशीनच्या ऑपरेटरांनी वाचायचं, आणि फिक्स्चर बनवणाऱ्या बाहेरच्या टूलरूमवाल्याने काही महिन्यांपुरतं वाचायचं. प्रत्येक जुळणीसाठी वेगळा ग्रुप काढत बसलं तर ग्रुपांचंच जंगल होतं. म्हणून वर्षानुवर्षं कुणी ना कुणी सेटफॅकल या एसीएल लिहिणाऱ्या कमांडने एकेक नाव जोडत गेलं होतं. जोडलेलं काढायला कुणालाच आठवत नाही, हा सगळ्याच ऑफिसांचा धर्म आहे.

गेटफॅकल, म्हणजे एसीएल वाचून दाखवणारी कमांड, फोल्डरांच्या सगळ्या झाडावर चालवून ती फाईल ऑडिटरच्या हातात ठेवता आली असती. पण त्यात नोंदी असतात, उत्तर नसतं. नोंद म्हणते 'टूलरूमला वाचणं-लिहिणं'; टूलरूमवाला खरंच उघडू शकतो का, हे मात्र त्या नोंदीवरून कळत नाही. ते काढायला मी सीमध्ये एक प्रोग्रॅम लिहायला बसलो. एक फाईल द्यायची, एक माणूस द्यायचा, आणि उत्तर मागायचं.

या एसीएलचा जन्मच अर्धवट आहे. आयईईई या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टीमांच्या प्रमाणाचा, १००३.१ई नावाचा मसुदा केला, त्याची सतरावी आवृत्ती १९९७ सालची, आणि पुढे तो प्रमाण न होताच मागे घेतला गेला. तरी लिनक्स, फ्रीबीएसडी वगैरेंनी त्याच मागे घेतलेल्या मसुद्यावर आपापलं काम उभं केलं. लिनक्सवरचं काम आंद्रेयास ग्रुनबाखर यांचं. त्यांचा २००३चा युसेनिक्स परिषदेतला लेख आजही या विषयाचं सगळ्यात स्वच्छ विवेचन आहे, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलमध्ये हे सगळं आयतं मिळू लागलं.

मसुदा अर्धवट राहिल्याच्या खुणा एसीएलच्या सी लायब्ररीत पावलोपावली दिसतात. एसीएल_गेट_फाईलने यादी आणायची, एसीएल_गेट_एन्ट्रीने एकेक नोंद काढायची. हे फंक्शन नोंद मिळाली तर १ देतं, संपल्या तर ०, बिघडलं तर उणे १. सी लिहिणाऱ्याचा हात शून्याला 'यश' समजायला सरावलेला असतो, म्हणून इथे जरा थांबून लिहावं लागतं. नोंदीचा प्रकार कळला, यूजर किंवा ग्रुपचा क्रमांक कळला, परवानग्यांचा संच हातात आला. आता त्या संचात 'वाचणं' आहे का, हे विचारायचं, तर मसुद्यात परवानगी घालायचं फंक्शन आहे, काढायचं आहे, संच पुसून टाकायचंही आहे. आहे का हे विचारायचं नाही! लिनक्सने ते एसीएल_गेट_पर्म नावाने वेगळ्या हेडरमध्ये दिलंय आणि फ्रीबीएसडीने त्याच नावाला 'एनपी' हे शेपूट लावून. 'एनपी' म्हणजे दुसरीकडे चालेल याची हमी नाही. शिवाय क्रमांक मिळवताना लायब्ररी प्रत्येक वेळी मेमरीचा नवा तुकडा देते, तो एसीएल_फ्रीने परत करायचा. हजारो फाईलींवर फिरणाऱ्या प्रोग्रॅमने हे विसरून चालत नाही.

आतलं साठवण पाहायची हौस असेल तर गेटएफअ‍ॅटरने कच्चे बाइट पाहता येतात. सुरुवातीला चार बाइटचा आवृत्ती क्रमांक, मग प्रत्येक नोंदीला आठ: दोन प्रकाराचे, दोन परवानगीचे, चार क्रमांकाचे. एक जादा यूजर जोडलेल्या फाईलच्या पाच नोंदी होतात, म्हणजे चव्वेचाळीस बाइट. पाच कशा? मालक, जोडलेला यूजर, ग्रुप, बाकीचे, हे झाले चार. पाचवी नोंद कुणी मागितलेली नसते, ती आपोआप येते. तिचं नाव मास्क, आणि ऑडिटरच्या त्या एका ओळीचं सगळं उत्तर तिच्यात अडकलेलं होतं.

मास्क हा सोसायटीच्या टाकीखालचा मेन कॉक समजा. घराघरातले नळ कितीही सोडलेले असोत, पाणी येणार ते मेन कॉक जेवढा उघडा आहे तेवढंच. नावाने जोडलेले यूजर, जोडलेले ग्रुप आणि फाईलचा मूळ ग्रुप, या सगळ्यांच्या परवानग्या मास्कमधून गाळून येतात. मालक आणि 'बाकीचे' तेवढे त्याच्या बाहेर.

आणि खरी गंमत पुढे आहे. फाईलवर एसीएल आली की एलएस -एलमधली मधली तीन अक्षरं, जी आपण जन्मभर 'ग्रुपच्या परवानग्या' म्हणून वाचत आलो, ती मास्कची होतात. सीएचमॉड या परवानग्या बदलणाऱ्या जुन्या कमांडने ग्रुपची परवानगी बदलली की बदलतो तो मास्क. ग्रुपची खरी नोंद जागची हलत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे मला फसवं वाटलं. मग त्यामागचा विचार लक्षात आला आणि मनातल्या मनात दाद दिली. एसीएल ठाऊक नसलेले शेकडो जुने प्रोग्रॅम आहेत. त्यातला एखादा फाईल ०६०० करतो तेव्हा त्याची अपेक्षा एवढीच असते की आता मालकाशिवाय कुणी हात लावू नये. मास्क नसता तर जोडलेली नावं त्या ०६०० मधून खुशाल आत शिरली असती. मास्कमुळे जुन्या प्रोग्रॅमची समजूत चुकली तरी ती सुरक्षित बाजूलाच चुकते.

सुरक्षित, पण एकाच दिशेने. कॉक बंद करताना सगळे नळ बंद होतात तसे उघडताना सगळेच सुरू होतात. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या फोल्डरमध्ये टूलरूमची नोंद वाचणं-लिहिणं अशी होती, आणि मास्क फक्त वाचण्याचा. शेजारच्या फोल्डरात नोंद तीच, पण तिथे कधीतरी डिझाईनच्या ग्रुपला फाईल सेव्ह होत नाही म्हणून कुणीतरी सवयीने सीएचमॉड ७७०, म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळं, मारलेलं असणार, कारण तिथला मास्क पूर्ण उघडा होता. डिझाईनवाल्यांचं काम झालं असेल की नाही कोण जाणे. त्यांच्या ग्रुपची नोंद मुळातच वाचण्याची असेल तर झालंही नसेल. टूलरूमवाल्याला मात्र गाजावाजा न होता लिहिण्याचा हक्क मिळाला होता.

हे मी मालकांना फोनवर सांगत होतो. ते म्हणाले, "सर, एका शब्दात सांगा. त्यांना परवानगी आहे का नाही?"

मी म्हटलं, "या फोल्डरला आहे. त्या फोल्डरला आज नाही, पण उद्या कुणी ग्रुपला काही दिलं तर यांनाही मिळेल."

"म्हणजे झोपलीय."

तिथून अहवालात तिसरा रकाना आला: आहे, नाही आणि झोपलेली. ऑडिटरने तो मागितला नव्हता, पण माझ्या मते यादीतला सगळ्यात कामाचा रकाना तोच.

उत्तर काढायची पद्धत क्रमाने जाते आणि क्रमालाच महत्त्व आहे. माणूस फाईलचा मालक असेल तर मालकाची नोंद आणि तिथेच निकाल. ग्रुपमधून त्याला जास्त मिळत असलं तरी विचारात नाही. नसेल तर त्याच्या नावाची नोंद शोधायची, मास्कमधून गाळायची, निकाल. म्हणून एखाद्याला नावाने रिकामी नोंद दिली तर तो कितीही ग्रुपांत असला तरी बाहेर राहतो. या पद्धतीत एखाद्या माणसापुरता 'नकार' लिहिण्याची तेवढी एकच सोय आहे. नावाची नोंदही नसेल तर ग्रुप. इथे मामला जरा तिरका. माणूस दोन ग्रुपांत आहे, एकाच्या नोंदीत फक्त वाचणं, दुसऱ्याच्या नोंदीत फक्त लिहिणं. तो फाईल वाचायला उघडू शकतो, लिहायला उघडू शकतो, आणि दोन्हीसाठी एकदम उघडायला गेला तर कर्नल नाही म्हणतो! मागितलेलं सगळं एकाच नोंदीत असावं लागतं, दोन नोंदींची बेरीज होत नाही. आणि कुठलाही ग्रुप जुळला पण कुणीच परवानगी देत नसेल, तर 'बाकीचे' या खात्याकडे जाताच येत नाही, नकार पक्का.

एवढं एका फाईलचं. तिच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरात 'चालवणं', म्हणजे आत शिरणं, असायला हवं, त्यामुळे हाच हिशेब मुळापासून प्रत्येक पायरीला करायचा.

स्वतः लिहिलेल्या तर्कावर विसंबून ऑडिटला जाणं मला पटत नव्हतं. पंच म्हणून कर्नललाच उभं केलं. प्रोग्रॅम फोर्क करून एक पिल्लू, म्हणजे स्वतःचीच दुसरी चालती प्रत, काढतो, ते आधी त्या माणसाचे सगळे ग्रुप अंगावर घेतं, मग मुख्य ग्रुप, शेवटी यूजर क्रमांक, आणि फाईल उघडून पाहतं. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण यूजर बदलला की ग्रुप बदलण्याचा अधिकार गेलेला असतो. पिल्लाचं उत्तर आणि माझ्या हिशेबाचं उत्तर जुळलं नाही की ती फाईल वेगळी निघते.

एवढं का, अ‍ॅक्सेस नावाचं फंक्शन आहे की, असं कुणी म्हणेल. ते उत्तर देतं प्रक्रियेच्या खऱ्या यूजरच्या नावाने. बदललेला, म्हणजे परिणामी यूजर विचारायचा तर फॅक्सेसअ‍ॅटला वेगळा फ्लॅग द्यावा लागतो. आणि जीलिबसी या लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीच्या २.३२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तो फ्लॅग दिला की लायब्ररी कर्नलला न विचारता स्वतःच नऊ अक्षरांवरून अंदाज बांधायची, एसीएल बघायचीच नाही. २.३३ पासून, कर्नल ५.८ किंवा पुढचा असेल तर, हे सुधारलं. मॅन्युअलच्या तळाशी 'बग' या मथळ्याखाली हे लिहिलेलं आहे. मॅन्युअल तळापासून वर वाचावं, असं माझं जुनं मत आहे.

यादी तयार झाली तेव्हा प्रत्येक फाईलपुढे पहिलं नाव माझं. रूट म्हणजे सर्वाधिकारी यूजर मीच, आणि रूटला कर्नल एसीएल विचारतच नाही. मालक हसले, पण मी ते नाव तसंच ठेवलं. चौथा एक छोटा रकानाही लागला: 'आज उघडू शकत नाही, पण स्वतःला परवानगी देऊ शकतो'. फाईलचा मालक असलेला माणूस तिची एसीएल कधीही बदलू शकतो, आणि डिझाईनमधून परचेसला गेलेल्या एकाच्या नावावर जुन्या ड्रॉइंगांचा ढीग होता. त्या सगळ्यांची मालकी बदलली.

ऑडिटनंतर मालकांना पुढचं पाउल हवं होतं: रजिस्टरमध्ये जे लिहिलंय तेच सर्व्हरवर असावं. कुठल्या गिऱ्हाइकाचं काम कुणाकडे, याचं एक रजिस्टर कारखान्यात आधीपासून होतंच. ते वाचून एसीएल लावणारा दुसरा भाग लिहिला. एसीएल_क्रिएट_एन्ट्रीला यादी द्यायची ती थेट नाही, तिचा पत्ता द्यायचा. कारण जागा पुरली नाही तर लायब्ररी अख्खी यादी दुसरीकडे हलवते आणि जुना पत्ता मेलेला असतो. मग प्रकार, क्रमांक, परवानग्या, एसीएल_व्हॅलिडने तपासणी. खरं सांगायचं तर हे सगळं सोडून मी शेवटी मजकूर जुळवून एसीएल_फ्रॉम_टेक्स्टला दिला. एका ओळीत तेच काम होतं, आणि तोच मजकूर लॉगमध्ये टाकला की माणसालाही वाचता येतो.

एका गोष्टीवर मात्र हटून बसलो. एसीएल_कॅल्क_मास्क नावाचं सोयीचं फंक्शन आहे, मास्कमधून गाळल्या जाणाऱ्या सगळ्या नोंदींची बेरीज करून मास्क काढून देतं. सेटफॅकलही, मास्क आपण स्वतः दिला नाही किंवा -एन लावलं नाही, तर हेच करतो. म्हणजे एक नवीन नाव जोडायला गेलो की झोपलेली सगळी नावं उठून बसतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये ते फंक्शन नाही. मास्क रजिस्टरमधूनच येतो, आणि तो कुठल्याही नोंदीपेक्षा तोकडा पडला तर प्रोग्रॅम फाईलला हात न लावता तक्रार करतो.

फाईल नावाने शोधून तिच्यावर एसीएल लावायची, तर मधल्या क्षणात त्या नावाच्या जागी कुणी सिमलिंक, म्हणजे दुसऱ्याच फाईलकडे बोट दाखवणारी पाटी, ठेवू शकतो. म्हणून सिमलिंकमागे न जाण्याचा फ्लॅग लावून फाईल आधी उघडायची आणि एसीएल_सेट_एफडीने लावायची. फोल्डरची डिफॉल्ट एसीएल, जी आत जन्मणाऱ्या नव्या फाईलींना मिळते, ती या वाटेने लावता येत नाही. तिच्यासाठी /प्रॉक/सेल्फ/एफडी मधला उघड्या फोल्डरचा पत्ता एसीएल_सेट_फाईलला देतो. सुंदर नाही, पण चालतं.

डिफॉल्ट एसीएलने आणखी एक कोडं घातलं. नव्या पीडीएफ ऑपरेटरांना उघडत नव्हत्या. गेटफॅकल पाहावं तर ऑपरेटरांची नोंद जागेवर, वाचण्याच्या परवानगीसकट. सर्व्हरवरची एक स्क्रिप्ट ड्रॉइंगची पीडीएफ काढते. ती आधी तात्पुरती फाईल बनवते आणि पूर्ण झाली की नाव बदलते. तात्पुरती फाईल एमकेएसटेम्पने बनते, ते फंक्शन ०६०० ने फाईल उघडतं. डिफॉल्ट एसीएल असलेल्या फोल्डरात यूमास्क, म्हणजे नव्या फाईलच्या परवानग्या छाटणारी नेहमीची सेटिंग, विचारला जात नाही, पण उघडताना दिलेला हा आकडा विचारला जातो, आणि त्याचा मधला शून्य थेट मास्कवर जाऊन बसतो. सगळ्या नोंदी वारशाने आल्या आणि जन्मतःच झोपल्या. नाव बदलण्याआधी स्क्रिप्टने फाईल ०६४० करावी, म्हणजे मास्कमध्ये वाचणं येतं, एवढाच उपाय.

बॅकअपचं थोडक्यात. फाईलींच्या प्रती काढणाऱ्या टारला --एसीएलएस आणि आरसिंकला कॅपिटल -ए सांगितलं नाही तर परवानग्या मागेच राहतात, आणि एक्सफॅटच्या पोर्टेबल डिस्कवर त्यांना जागाच नाही. म्हणून गेटफॅकलचा सगळ्या झाडाचा मजकूर रोज ड्रॉइंगांबरोबर ठेवतो. सेटफॅकल --रिस्टोअरने तो परत बसवता येतो.

आता रोज सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी प्रोग्रॅम रजिस्टर आणि सर्व्हर ताडून पाहतो आणि फरक मालकांना मेल करतो. बहुतेक दिवस मेल रिकामा असतो. एकदा त्यात नावाऐवजी नुसता आकडा आला, १०१४. मालकांनी विचारलं, हा कोण? नोकरी सोडून गेलेल्या एका ऑपरेटरचा यूजर क्रमांक. अकाउंट काढून टाकलं की नाव जातं, एसीएलमधला क्रमांक तसाच राहतो. डेबियनचं अ‍ॅडयूजर नव्या माणसाला मोकळा असलेला पहिला क्रमांक देतं, म्हणजे पुढच्या भरतीतल्या एखाद्या पोराला पहिल्याच दिवशी त्या ऑपरेटरची सगळी ड्रॉइंग मिळाली असती. आता सोडून गेलेल्याचं अकाउंट आम्ही काढत नाही, कुलूप लावून ठेवतो, आणि प्रोग्रॅम त्याच्या नोंदी सगळीकडून उचलतो. १०१४ अजून तसाच अडवून ठेवलाय.